गोल्टीचा भाव

तीनशे बारा पानं, स्पायरल बाइंडिंग.
कोपरखैरणेच्या झेरॉक्सवाल्याने कौतुकाने दहा रुपये सोडले होते.
केळुसकरबाईंनी सहा आठवड्यांनी परत दिली,
नेरूळला, दारातच,
आत कुकर लागला होता म्हणून.

बाईंनी चाळीस वर्षं मुद्रितं तपासली.
पेन्सिल वापरतात. म्हणतात, खोडता येतं.
खोडलेलं काहीच नव्हतं.

पान नऊ : वाक्य नटूनथटून बसलंय. निघालंय कुठे?
पान चाळीस : हा माणूस मरत नाही. तू मारतेस.
पान एकशे सत्तर : खिडकीत चंद्र. आत्तापर्यंत सात. मोजले मी.
आणि दोनशे चार,
जे लिहिताना माझं मलाच रडू आवरलं नव्हतं,
तिथे बारीक, सरळ अक्षरात :
तुझे वडील गेले असतील.
या पानावर अजून कुणी गेलेलं नाही.

परतीच्या बसमध्ये वही मांडीवर पालथी ठेवली.
म्हटलं, हिने स्वतः काय लिहिलंय जन्मात?
म्हटलं, चुका शोधून शोधून डोळेच तसे झालेत.
चार रात्री तिला उत्तर लिहीत होते.
पाचव्या रात्री उत्तरातही चंद्र उगवला,
तेव्हा फाडलं.

तुर्भ्याला, कांदा-बटाट्यात, मी गाळ्यावर पावत्या लिहिते.
समोर हौसाबाई निवडायला बसतात :
गोल्टा इकडे, गोल्टी तिकडे, चिंगळी मागे,
सडका न बघताच पाठीमागच्या पाटीत.
मी विचारलं, एवढे फेकता, वाईट नाही वाटत?
म्हणाल्या, कुणाला? कांद्याला?

रविवारी दार लावून चंद्र मोजले.
नऊ निघाले.
दोन बाईंनी मुकाट्याने सोडून दिले होते.
सातांपेक्षा त्या दोनांचीच जास्त लाज वाटली.

मग दोनशे चार.
वाशीच्या इस्पितळात आप्पांच्या खाटेसमोर भिंत होती,
खाली हिरवा ऑइलपेंट,
त्यात कुणीतरी नखाने फोन नंबर कोरलेला, एक आकडा कमी.
मी तिथे मावळता सूर्य बसवला. खाडीही आणली.
तीस वर्षं गोण्या वाहून मानेखाली जो गड्डा आला होता,
ज्याच्यामुळे उशी त्यांना कधी नीट लागली नाही,
त्याला मी श्रमाचा अलंकार म्हटलं.
हे बाईंनी खोडलंसुद्धा नाही. नुसती एक रेघ,
जरा थरथरलेली.
हसल्या असतील.

कादंबरीत ते शेवटी म्हणतात,
पोरी, उजेड जपून ठेव.

आप्पा असं बोलायचे नाहीत.
आप्पांनी विचारलं होतं,
गोल्टी काय भावानं गेली?
मला कुठे ठाऊक, मी आठवडाभर रजेवर, त्यांच्याच उशाशी.
ठोकून दिलं, आठ रुपये.
डोळे मिटून म्हणाले, कमीच हाय की.
मग बोलले नाहीत.

हे लिहून काढलं. अकरा पानांच्या जागी पाच ओळी झाल्या.
रडू आलं नाही.
चांगलं की वाईट, कळेना,
आणि विचारायला फक्त एकच माणूस होतं.
फोन केला. पलीकडे शिटी झाली.
बाई म्हणाल्या, बुधवारी ये. पेन्सिल तुझी आण,
माझी संपत आलीय.

सोमवारी गाळ्यावर त्या वर्षीची वही काढली,
धूळ झटकली, तारीख शोधली.
गोल्टी, सहा रुपये.

म्हणजे आठसुद्धा मीच वाढवून सांगितला होता.
तोही त्यांना कमी वाटला.
ही सहावी ओळ. अजून जमत नाहीये.